एक दिवसाचे महाराज

धारहून देवासला जाताना वाटेत इंदूर लागते. या शहराला प्लेगने पुनःपुन्हा ग्रासले होते. होळकर दरबाराने १९१७ च्या सुमारास तेथे बोलाविले ते पॅट्रिक गेडिस यांना. स्कॉटलंडमध्ये १८५४ साली जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत दृष्टी अधू झाली, सूक्ष्मदर्शक सुटला आणि पुढे ते नगररचनेकडे वळले.

नकाशा घेऊन ते गल्लीबोळांतून हिंडू लागले की लोक भयभीत होत. नकाशेवाला साहेब म्हणजे घरे पाडणारा, हाच त्यांचा अनुभव. गेडिस यांनी सक्तीचा मार्ग सोडला. दिवाळीसाठी ते एक दिवसाचे महाराज झाले व त्यांनी जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या आळीतील घरे सर्वांत स्वच्छ, तेथूनच जाईल. मग काय! घरोघर झाडलोट, डागडुजी, रंगरंगोटी. केराच्या हजारो गाड्या गावाबाहेर गेल्या. केर गेला तसा उंदरांचा आसराही गेला, आणि प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. खरा मान मात्र हार घातलेल्या झाडूवाल्यांचा. शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली.

१९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र शिकविले. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.