युद्धनौकांचा नोंदकर्ता

फ्रेड टी. जेन यांचा जन्म १८६५ मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. चित्रकला हा पोटापाण्याचा उद्योग. ओढ मात्र युद्धनौकांची. १८९८ मध्ये त्यांनी जगभरातील युद्धनौकांची सूची स्वतःच्या रेखाचित्रांसह प्रसिद्ध केली. धुराडी, डोलकाठ्या यांच्या ठेवणीवरून दूरचे जहाज ओळखता यावे, हा तिचा हेतू. परंतु जहाजे बुडतात, भंगारात निघतात, दुरुस्तीत रूप पालटतात. शिळ्या नोंदीवर विसंबणारा अधिकारी मित्राच्याच नौकेवर तोफ डागण्याची भीती! म्हणून जेन प्रत्येक आवृत्तीत नोंदी सुधारीत राहिले. मध्यंतरी १९०६ मध्ये पोर्ट्समथमधून त्यांनी संसदेची निवडणूक लढविली; ती हरले. ऐन महायुद्धात, ८ मार्च १९१६ रोजी, त्यांचे निधन झाले. ती सूची त्यांच्या नावाने आजही निघते.