यशवंतराव आणि विरळ हवेतला जवान

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत एक निवेदन केले. नेफातील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली होती. अहवाल गोपनीय राहणार होता. त्याचे सार तेवढे सभागृहापुढे येत होते. चौकशीचे विषय पाच होते. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमांची साखळी आणि सेनाधिकाऱ्यांचा जवानांवरील प्रभाव या चार विषयांवर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. उरलेला विषय जवानांच्या शारीरिक क्षमतेचा. त्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. वास्तविक त्या निवेदनातली सर्वांत दूरगामी कबुली तिथेच होती. उंचीची सवय नसलेले सैन्य सवय झालेल्या सैन्याइतके सक्षम असू शकत नाही आणि आपले बहुतेक जवान तर सपाटीवरून ऐनवेळी वर धाडले गेले होते, हे संरक्षणमंत्र्यांनी संसदेत मान्य केले.

हे सांगणारा माणूस स्वतः सपाटीवरचाच होता. १२ मार्च १९१३ रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे यशवंतरावांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढवले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, विद्यार्थिदशेतच तुरुंगवास, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए. आणि पुण्यातून कायद्याची पदवी, बेचाळीसचा भूमिगत लढा, हा प्रवास मराठी वाचकाला परिचित आहे. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. सहकारी साखर कारखाने आणि जिल्हा परिषदा उभ्या करण्यात ते गुंतले असतानाच चीनचे आक्रमण झाले. कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या वेळी महाराष्ट्रात अभिमानाने म्हटले गेले.

या रूपकात नकळत एक अवघड सत्य दडलेले होते. सह्याद्री मुळात बुटका. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, तर उंचीचा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे या राज्यातील माणसाला हा आजार घरबसल्या अनुभवण्याची सोयच नाही. नीरा-भीमेच्या खोऱ्यातील बारामती किंवा इंदापूर घ्या. समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे-साडेपाचशे मीटर उंची, सपाट रान, कालव्याचे पाणी आणि ऊस. मालोजीराजे भोसले यांची गढी असलेल्या इंदापुराला लढाई नवी नाही. पण या मातीतला तरुण पलटणीत भरती होऊन साडेचार हजार मीटरवर पोहोचला, की त्याच्या छातीची ताकद आणि तालमीतली मेहनत फारशी कामाला येत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या तुलनेत ६० टक्क्यांच्याही खाली उतरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. प्रकरण वाढले तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागते आणि वेळीच खाली उतरवले नाही तर धडधाकट माणूस दगावतो. तरणाबांड, तंदुरुस्त जवान यातून सुटतो असेही नाही. उलट तोच अधिक वेगाने चढतो आणि त्रास लपवतो.

१९६२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नेफामध्ये नेमके हेच घडले होते. नामका चू नदीच्या काठी आणि थागला डोंगराच्या परिसरात सातव्या ब्रिगेडच्या पलटणी घाईघाईने पाठवल्या गेल्या. अनेकांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होते, पांघरायला एखादे ब्लँकेट. वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्याही वर. शत्रूची गोळी लागण्यापूर्वीच काही जवान फुफ्फुसांत पाणी होऊन गेले. त्या काळी असा रुग्ण न्यूमोनियाचा समजला जाण्याचा धोका मोठा होता, कारण या विकाराचे स्वतंत्र स्वरूप वैद्यकविश्वात नुकतेच कुठे ठळक होऊ लागले होते. मोहिमेचे सेनापती लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल हेही याच उंचीवर छातीच्या विकाराने आजारी पडले आणि ऐन लढाईच्या तोंडावर त्यांना दिल्लीला आणावे लागले. उंची हुद्दा पाहत नाही.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतरावांनी कारभार हाती घेतला, तेव्हा चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. लढाई थांबली होती, विस्कटलेले सैन्य तेवढे समोर होते. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी आणि संरक्षण सचिवांशी रोज सकाळी बैठक घेण्याची प्रथा त्यांनी पाडली. लष्कराच्या व्यावसायिक निर्णयांत मंत्र्याने बोटे घालायची नाहीत, पण साधनसामग्रीत कुचराईही होऊ द्यायची नाही, असा त्यांचा रिवाज राहिला. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि त्यात दहा पर्वतीय डिव्हिजन ही त्यांच्या काळातील योजना सर्वज्ञात आहे. तिची चर्चा बहुधा संख्याबळाच्या अंगाने होते. परंतु उंचीच्या आजाराच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळाच होतो. डोंगरासाठी खास उभारलेले सैन्य डोंगरातच राहते, तिथेच सराव करते; युद्ध पेटल्यावर त्याला सपाटीवरून उचलून आणावे लागत नाही. औषधाच्या गोळीपेक्षा हा उपाय अधिक खात्रीचा. मे १९६४ मध्ये यशवंतराव मदतीच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेला गेले, तेव्हाही पर्वतीय डिव्हिजनांची सामग्री हा कळीचा विषय होता. नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि तो दौरा अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले.

सारे श्रेय त्यांच्याच पदरात टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. गुलमर्गची अतिउंचीवरील युद्धशाळा आणि जवानांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारी दिल्लीची प्रयोगशाळा, या दोन्ही संस्था १९६२ मध्येच, ते दिल्लीत येण्याआधी आकाराला आल्या होत्या. खरे संशोधन लष्करी डॉक्टरांनी केले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुफ्फुसांतील पाण्याविषयीचा शोधनिबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९६९ मध्ये त्यांनी १९२५ भारतीय सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध लिहिला. तो जगभर आजही संदर्भासाठी काढला जातो. वर पोहोचल्यापासून ६ ते ९६ तासांत त्रास डोके वर काढतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. लघवी वाढवणारे जे औषध त्यांनी सुचवले होते ते पुढे मागे पडले, कारण वरच्या कोरड्या थंडीत शरीरातले पाणी आधीच घटलेले असते. निरीक्षणे मात्र टिकली.

त्या निरीक्षणांतून आणि नंतरच्या अनुभवातून लष्कराची शिस्त घडली. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, त्यापुढे १५ हजारांपर्यंत चार आणि त्याहून वर आणखी चार. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग थोडे चालणे, मग चढ. ऐकायला साधे, पाळायला कठीण. सेनापतीला घाई असते आणि जवानाला आजारी म्हणवून घेण्याची लाज.

या शिस्तीतला सर्वांत कमी ठाऊक असलेला नियम रजेचा आहे. इंदापूरकडचा जवान वर्षभर लडाखात राहिला, त्याच्या रक्ताने, श्वासाने उंची स्वीकारली; मग तो सुट्टीवर गावी आला, उसाच्या फडात आणि यात्रेत महिना-दोन महिने रमला, की ती सवय ओसरते. परतताना तो स्वतःला जुना, मुरलेला समजतो. धोका तिथेच असतो. फुफ्फुसांत पाणी होण्याचा प्रकार अशा परतलेल्या जवानांतही आढळला. म्हणून दहा दिवसांहून अधिक काळ खाली राहून आलेल्याला पुन्हा टप्प्याटप्प्यानेच वर चढवले जाते.

१९६३च्या निवेदनाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सवय नसतानाही जवान आणि अधिकारी हवामानाला पुरून उरले, असे यशवंतरावांनी त्याच ओघात सांगितले होते. खचलेल्या सैन्याला सावरणाऱ्या मंत्र्याला ते म्हणावे लागले असेल; पण खिंडीत श्वास कोंडून गेलेल्यांच्या बाबतीत ते अपुरे होते. मूळ अहवाल सरकारने अद्यापही अधिकृतपणे खुला केलेला नाही.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. पुढच्या वर्षी बारामतीतून शरद पवार हा त्यांचा तरुण शिष्य विधानसभेत गेला आणि त्या तालुक्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधान अशी पदे येत-जात राहिली. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय जवान सियाचीनवर उतरले, जिथे शत्रूपेक्षा थंडी आणि उंचीशीच अधिक झुंजावे लागणार होते. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.