विश्लेषण : दुखऱ्या जागी हात फिरवला की बरे का वाटते? स्वतःची नस कापून घेणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की दुसरा हात आपोआप तिथे जातो. थोडे चोळले की कळ कमी होते. हा केवळ मनाचा खेळ नाही. स्पर्श आणि वेदना यांचे नाते शोधण्यासाठी ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या हातावरच प्रयोग केला होता.

हेन्री हेड कोण होते?

हेड यांचा जन्म १८६१ मध्ये लंडनमधील स्टोक न्यूइंग्टन येथे झाला. केंब्रिज आणि प्राग येथे शिकून ते लंडन हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. पोटातील वा छातीतील अवयव आजारी असेल, तर त्वचेच्या ठरावीक पट्ट्यांत दुखते. या पट्ट्यांचे त्यांनी तयार केलेले नकाशे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

प्रयोग काय होता?

नस तुटलेल्या रुग्णांना आपल्याला नेमके काय जाणवते हे बारकाईने सांगता येत नसे. म्हणून एप्रिल १९०३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, हेड यांनी शल्यविशारद डीन यांच्याकडून डाव्या हाताच्या त्वचेला संवेदना देणाऱ्या दोन नसा कापून घेतल्या. त्या रेशमी धाग्याने लगेच जोडण्यात आल्या. पुढची चार वर्षे ते सवड काढून केंब्रिजला मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या खोलीवर जात. हेड डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स त्यांच्या हाताला टाचणी, कापूस, बर्फ लावून नोंदी करत. अशा चाचण्या १६७ दिवस झाल्या.

त्यातून काय कळले?

संवेदना एकदम परतली नाही. आधी टोचणे आणि तीव्र थंड-गरम जाणवू लागले, पण ते भलतेच त्रासदायक होते. टाचणी नेमकी कुठे टोचली हे सांगता येईना आणि कळ दूरवर पसरे. हलका स्पर्श बराच उशिरा परतला, तेव्हा ही भडक वेदना आटोक्यात आली. सूक्ष्म स्पर्श वेदनेला लगाम घालतो, असा निष्कर्ष हेड यांनी काढला. पुढे १९११ मध्ये गॉर्डन होम्स यांच्यासोबत त्यांनी मेंदूतील थॅलॅमस या भागाचा वेदनेशी असलेला संबंध मांडला.

निष्कर्ष टिकला का?

पूर्णपणे नाही. १९०९ मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर आणि ह्यू मॉरिस्टन डेव्हिस यांनीही स्वतःच्या नसा कापून घेतल्या. हेड यांनी केलेली संवेदनांची दोन गटांतील विभागणी त्यांना पटली नाही. मात्र स्पर्शाने वेदना दबते, ही कल्पना १९६५ मध्ये नव्या रूपात परतली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला.

‘गेट’ म्हणजे काय?

स्पर्शाचा संदेश जाड, वेगवान तंतूंतून जातो, तर रेंगाळणाऱ्या वेदनेचा संदेश बारीक, संथ तंतूंतून. मज्जारज्जूत हे संदेश एकत्र येतात. तिथे स्पर्शाचा संदेश काही पेशींना जागे करतो आणि त्या वेदनेचा संदेश अडवतात. त्यामुळे मेंदूपर्यंत वेदना कमी पोहोचते. मेंदूही वरून आदेश पाठवून हे दार अरुंद वा रुंद करतो. सिद्धांताच्या तपशिलात नंतर बदल झाले, पण गाभा कायम राहिला. फिजिओथेरपीतील ‘टेन्स’ यंत्र याच विचारातून आले. त्वचेला हलके विद्युत झटके देऊन ते वेदना दाबण्याचा प्रयत्न करते.

हेड यांचे पुढे काय झाले?

१९२७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, पण तोवर पार्किन्सनने त्यांना गाठले होते. मज्जासंस्थेचा अभ्यास करणाऱ्या हेड यांचे स्वतःचेच शरीर हळूहळू त्यांच्या ताब्यातून गेले. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. गेट सिद्धांत यायला तेव्हा आणखी २५ वर्षे होती.