प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी कायदा मागणाऱ्या नर्तिका

संशोधनासाठी सरकारी अनुदान मागायचे आणि त्या संशोधनात प्राण्यांवर प्रयोग करायचे असतील, तर एक मंजुरी टाळता येत नाही. ती म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची. किती उंदीर लागणार, तेवढेच का, त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार आणि प्रयोग संपल्यावर त्यांचे पुढे काय, याची लेखी उत्तरे प्रयोगाआधी द्यावी लागतात. अनेक तरुण संशोधकांना हे कागदी काम कटकटीचे वाटते. आपल्या देशात या अटीची कायदेशीर सुरुवात ज्यांच्या प्रयत्नांतून झाली, त्या ना डॉक्टर होत्या ना शास्त्रज्ञ. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या नर्तिका म्हणून जग ज्यांना ओळखते, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे हे काम आहे.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री हे इंजिनिअर. थिऑसॉफीच्या विचारांनी ते भारावले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी मद्रासजवळ अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या शेजारी बिऱ्हाड केले. ॲनी बेझंट यांच्या प्रभावाखालच्या या वातावरणात रुक्मिणीदेवी वाढल्या. सर्व जिवांत एकच चैतन्य आहे, ही तिथली शिकवण. शाकाहार आणि जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीला विरोध, या दोन्ही गोष्टी त्या शिकवणीतून आल्या होत्या.

१९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टशी विवाह केला. ते वयाने पंचवीसेक वर्षांनी मोठे होते. मद्रासच्या सनातनी समाजात मोठी खळबळ उडाली. पुढे १९२८ मध्ये रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा यांची भेट झाली आणि त्यांनीच रुक्मिणीदेवींना आपल्या देशातील नृत्याकडे वळायला सुचवले. देवदासींशी जोडलेले म्हणून ते नृत्य तेव्हा कलंकित मानले जात होते. रुक्मिणीदेवी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे ते शिकल्या आणि १९३५ मध्ये अड्यारला लोकांसमोर नाचल्या. दुसऱ्याच वर्षी कलाक्षेत्र ही संस्था उभी राहिली. लोकनिंदा सोसून काम पुढे नेण्याची सवय त्यांना अशी आधीच झाली होती. पुढे संसदेत ती उपयोगी पडली.

१९५२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कलावंत म्हणून आलेल्या या सदस्याने प्राण्यांचा विषय हाती घेतला. त्या वेळी लागू असलेला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १८९० चा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला होता. त्यातली ‘प्राणी’ ही व्याख्या पाळीव किंवा पकडून ठेवलेल्या जनावरांपुरतीच होती. रुक्मिणीदेवींनी १९५३ मध्ये खासगी सदस्य म्हणून नवे विधेयक आणले. खासगी विधेयक मंजूर होणे ही आपल्या संसदेत दुर्मीळच गोष्ट. पंतप्रधान नेहरूंनी चर्चेत भाग घेतला, विषयाबद्दल आस्था दाखवली आणि सरकार स्वतः या प्रश्नाचा अभ्यास करून कायदा आणील, असे आश्वासन दिले. रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले.

हा निर्णय सोपा नव्हता. विधेयक रेटले असते तर ते बहुधा पडले असते. मागे घेतले म्हणजे आता मजकूर सरकारच्या हाती. त्यांनी दुसरा मार्ग निवडला आणि सात वर्षे वाट पाहिली.

याच काळात प्रयोगांसाठीच्या प्राण्यांचा प्रश्न जगासमोर आला. पोलिओची लस तयार करायला माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत आणि ती माकडे मोठ्या संख्येने भारतातून जात. १९५५ च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर भारतातून आलेली चारशेच्या आसपास माकडे गुदमरून मेली. भारताने काही काळ निर्यात थांबवली. लस आणि वैद्यकीय संशोधन यांपुरताच वापर होईल, अशा हमीवर ती पुन्हा सुरू झाली.

इथे दुसरी बाजूही पाहायला हवी. त्याच लशीने लाखो मुलांचे पाय वाचवले. टोरांटोत १९२१ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच इन्शुलिन हाती लागले आणि मधुमेही मुले जगू लागली. ‘प्रयोग बंद करा’ असे म्हणताना या मुलांचे काय, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

अखेर १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी आला. प्रयोगांसाठी वेगळे प्रकरण आहे. ज्ञान वाढवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी, रोगाशी लढण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा नाहीत, हे त्यात सुरुवातीलाच सांगितले आहे. ज्या विचारांत रुक्मिणीदेवी वाढल्या, त्यांच्या दृष्टीने ही मोठी माघार होती. पण लगेच पुढे अटी येतात. वेदना होणार असतील तर भूल द्यावी. भुलीत असताना प्राण्याला अशी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर त्याला तीव्र यातना होतील, तर त्याला शुद्धीवर येऊ न देता मरण द्यावे. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफितीने शिकवता येत असेल तर प्रयोग टाळावा. केवळ हात बसावा म्हणून प्राणी कापू नये. नोंदी ठेवाव्यात. या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक केंद्रीय समिती असावी.

कायद्यातला दंड होता फक्त दोनशे रुपयांपर्यंत. खरी ताकद वेगळ्या कलमात होती. नियम न पाळणाऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला प्रयोग करण्यासच मनाई करण्याचा अधिकार समितीला मिळाला.

१९६२ मध्ये या कायद्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच होत्या आणि अखेरपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच सरकारने पुढच्या वर्षापासून माकडांची निर्यात पूर्ण थांबवली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे निधन झाले.

प्रयोगांवरील केंद्रीय समिती १९६४ मध्येच नेमली गेली होती, पण तिचा वचक बसायला बराच काळ गेला. १९९८ च्या नियमांनी चित्र बदलले. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी आणि स्वतःची नैतिकता समिती सक्तीची झाली. या समितीत संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतात, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक जाण असलेला नागरिकही असतो. उंदीर, ससे यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रस्ताव इथे मंजूर होतात. मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीकडे जावे लागते.

समिती मुख्यतः तीन गोष्टी तपासते. प्राण्याशिवाय काम होईल का? कमी प्राण्यांत होईल का? त्रास कमी करता येईल का? ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली. भारताने तिला चौथे सूत्र जोडले, ते प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचे. यात विज्ञानाचाही फायदा आहे. घाबरलेल्या, दुखणाऱ्या प्राण्याची संप्रेरके बदलतात, रक्तदाब बदलतो, त्यामुळे आकडे फसवे येतात. प्राण्यांची संख्या फार कमी ठेवली तर निष्कर्ष निघत नाही आणि जीव वाया जातात, म्हणून समिती कधी कधी संख्या वाढवायलाही सांगते.

नैतिकता समितीतली विज्ञानाबाहेरच्या सदस्याची खुर्ची अनेकदा गप्प बसलेली असते. तांत्रिक शब्दांपुढे दबून सही करण्याचा मोह तिथे होतोच. हे प्राणी कशासाठी, असे साध्या भाषेत विचारण्यासाठी ती खुर्ची ठेवलेली आहे. शरीरशास्त्राची पदवी नसताना रुक्मिणीदेवींनी संसदेत नेमके तेच विचारले होते.