राँटगेन यांनी न घेतलेले पेटंट

क्ष-किरण विभागातील काळोखी खोली आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांतून नाहीशी झाली आहे. फिल्म धुण्याची रसायने, मंद लाल दिवा, चिमट्याला टांगून वाळत घातलेल्या ओल्या फिल्म हे सारे जाऊन त्या जागी संगणकाचा पडदा आला. तंत्रज्ञ यादीतून रुग्णाचे नाव व क्रमांक निवडतो, छाती, गुडघा की मणका ते पडद्यावर नोंदवितो, रुग्णाला योग्य स्थितीत उभा करून कळ दाबतो आणि काही सेकंदांत चित्र समोर उभे राहते. मग त्याचा उजळपणा आणि गडदपणा कमीअधिक करता येतो, एखादा भाग मोठा करून पाहता येतो. ही सोय मोठी आहे. परंतु या व्यवहारातील एक विसंगती अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. नळीतून निघणारा किरण कोणाच्याही मालकीचा नाही. त्याचे चित्र बनविणारे सॉफ्टवेअर मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते, त्याला परवाना लागतो आणि पुष्कळदा त्या परवान्याला मुदतही असते. किरण मोकळा राहिला याचे बरेचसे श्रेय एका अबोल जर्मन प्राध्यापकाने १८९६ साली घेतलेल्या निर्णयाकडे जाते. त्या निर्णयाचा उल्लेख पाठ्यपुस्तके एका ओळीत उरकतात. तो अधिक विचाराला पात्र आहे.

विल्हेल्म कोनराट राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई डच घराण्यातील. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे गेले. पुढे उट्रेख्तच्या तांत्रिक शाळेत असताना एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याचा आळ त्यांच्यावर आला. चित्र दुसऱ्याच विद्यार्थ्याचे होते. त्याचे नाव सांगण्यास राँटगेन यांनी नकार दिला आणि शाळेने त्यांनाच काढून टाकले. शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणजे विद्यापीठात रीतसर प्रवेश नाही, असा तो काळ होता. (आपल्याकडे तो काळ अजून सरलेला नाही.) झुरिकची पॉलिटेक्निक संस्था प्रवेशपरीक्षेवर विद्यार्थी घेत असे, म्हणून हा तरुण पुढे शिकू शकला. १८६८ साली यंत्रअभियांत्रिकीची पदविका आणि १८६९ साली डॉक्टरेट मिळवून ते ऑगस्ट कुंट या भौतिकशास्त्रज्ञाचे साहाय्यक झाले. कुंट यांच्यासमवेत ते १८७० मध्ये वुर्झबर्गला गेले, तेव्हा तेथील विद्यापीठाने पुन्हा त्याच हरवलेल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. पुढे स्ट्रासबर्ग, होहेनहाइम, गीसेन अशी मजल दरमजल करीत १८८८ साली ते वुर्झबर्गलाच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परतले आणि १८९४ मध्ये त्या विद्यापीठाचे रेक्टर झाले.

१८७२ साली त्यांचा विवाह झुरिकमधील एका खानावळ चालविणाऱ्या गृहस्थाची कन्या आना बर्टा लुडविग हिच्याशी झाला. त्यांना मूल नव्हते. पत्नीच्या भाचीला त्यांनी मुलगी म्हणून वाढविले. राँटगेन संकोची होते, सभासंमेलनांत रमत नसत, आपली उपकरणे शक्यतो स्वतःच्या हाताने तयार करीत. वायूंची विशिष्ट उष्णता, स्फटिकांचे गुणधर्म असले काटेकोर मोजमापाचे विषय त्यांना प्रिय होते. पन्नाशी गाठली तेव्हा ते व्यवसायबंधूंत आदरणीय होते. जगाला मात्र त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. निर्वात केलेल्या काचेच्या नळीतून विद्युत्‌प्रवाह सोडून ते कॅथोड किरणांचा अभ्यास करीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली, खोलीत अंधार. अशा स्थितीत काही अंतरावरचा, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद चमकू लागला. कॅथोड किरण हवेतून इतके दूर जाऊ शकत नाहीत हे त्यांना माहीत होते. तशाच नळ्या युरोप-अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांत चालू होत्या आणि हे किरण तेथेही निर्माण होत असलेच पाहिजेत. पण ती चमक पाहून थबकणारा माणूस वुर्झबर्गला होता. त्यानंतरचे काही आठवडे राँटगेन यांनी जवळजवळ प्रयोगशाळेतच काढले. कागद, लाकूड, ॲल्युमिनियम, शिसे, स्वतःचा हात अशा एकेका वस्तूतून हे किरण किती आरपार जातात हे त्यांनी तपासले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात छायापत्रावर ठेवून सुमारे पंधरा मिनिटे त्यावर किरण सोडले. त्या चित्रात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. २८ डिसेंबर रोजी त्यांनी वुर्झबर्गच्या भौतिक-वैद्यक परिषदेकडे आपला निबंध सुपूर्द केला. किरणांचे स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी त्यांना दिले. आपण मराठीत त्याला क्ष म्हणतो.

जानेवारी १८९६ च्या पहिल्या आठवड्यात व्हिएन्नाच्या वृत्तपत्रातून ही वार्ता फुटली आणि जगभर पसरली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसरसमोर प्रात्यक्षिक झाले. २३ तारखेला वुर्झबर्गच्या सभेत वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे चित्र घेण्यात आले आणि या किरणांना राँटगेन यांचे नाव द्यावे असे कोलिकर यांनीच सुचविले. बव्हेरियाच्या राजाकडून मिळू शकणारी सरदारकी राँटगेन यांनी घेतली नाही. या विषयावर त्यांनी पुढे केवळ आणखी दोन निबंध लिहिले, १८९६ आणि १८९७ मध्ये. त्यानंतर हे क्षेत्र त्यांनी इतरांसाठी मोकळे सोडले.

पेटंटाचा प्रश्न उपस्थित झाला तो याच दिवसांत. बर्लिनमधील एका बड्या विद्युत् कंपनीने त्यांच्याशी संपर्क साधला. निसर्गातील किरणाचे पेटंट होत नाही हे खरे. परंतु तो निर्माण करण्याच्या आणि वापरण्याच्या रीतींचे होऊ शकले असते, आणि विद्युत्‌व्यवसायातील कंपन्या त्या काळी अशा हक्कांवरच उभ्या होत्या. राँटगेन यांनी नकार दिला. विद्यापीठातील संशोधकाने लावलेला शोध सर्वांचा आहे, कोणत्याही एका उद्योगाच्या हाती त्याच्या नाड्या जाऊ नयेत, अशी त्यांची धारणा होती. या नकाराची आरती ओवाळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राँटगेन सरकारी वेतनावरचे प्राध्यापक होते आणि वडिलांच्या व्यापारातून आलेली चांगली मालमत्ता त्यांच्यापाशी होती. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे अशा संशोधकाला हा नकार परवडला नसता. त्यागाची परंपरा निर्माण करायची असेल तर आधी संशोधकाच्या पोटापाण्याची तरतूद करावी लागते.

परिणाम मात्र निर्विवाद होता. त्या एका १८९६ सालातच या विषयावर हजाराहून अधिक लेख प्रसिद्ध झाले. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिन्टायर यांनी त्याच वर्षी क्ष-किरण विभाग उभारला. जगातील अगदी पहिल्या विभागांत त्याची गणना होते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक बीव्हर यांनी हे उपकरण हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीपर्यंत नेले आणि जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधल्या. ज्याच्याकडे नळी, विद्युत्‌कुंडल आणि छायापत्र होते त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. नफा झालाच नाही असे नव्हे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्यम कूलिज यांनी १९१३ साली सुधारित नळी तयार केली आणि तिचे हक्क कंपनीने राखले. मूळ तत्त्व सर्वांचे आणि त्यावरील सुधारणा ज्याची त्याची, अशी ही वाटणी होती. ती मला वाजवी वाटते.

संगणकाने ही वाटणी बिघडविली. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील फुजी कंपनीने फिल्मऐवजी पुन्हा वापरता येणारी पट्टी आणली. तिच्यावर युरोपियममिश्रित बेरियमच्या संयुगाचा लेप असतो. राँटगेन यांच्या खोलीत चमकलेल्या कागदावरही बेरियमचेच संयुग होते, हा एक मौजेचा योगायोग. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस थेट विद्युत्‌संकेत देणारे सपाट शोधक आले. फिल्म उजेडासमोर धरली की कोणालाही दिसे. आकड्यांच्या रूपातील चित्र मात्र ज्याच्याकडे योग्य सॉफ्टवेअर आहे त्यालाच दिसते. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती आणि एका यंत्रावरचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडत नसे. ही कोंडी फोडण्यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत्-उत्पादकांची संघटना यांनी १९८३ साली संयुक्त समिती नेमली. १९८५ मध्ये तिचा पहिला मानदंड आला आणि १९९३ साली तो डायकॉम या नावाने स्थिरावला. तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. राँटगेन यांच्या नकाराचा खरा वारस शोधायचा तर तो या रुक्ष तांत्रिक दस्तऐवजात सापडेल.

तरीही पळवाटा आहेत. मानदंडातच उत्पादकांना स्वतःच्या खाजगी नोंदींसाठी जागा ठेवलेली आहे; दुरुस्तीच्या किल्ल्या आणि चित्रावर संस्कार करण्याच्या पद्धती त्यांच्याच हाती राहतात. सार्वजनिक रुग्णालयाच्या निविदेत यंत्राची किंमत सर्वांत कमी कोणाची एवढेच पाहिले, तर पुढील दहा वर्षांचा परवाना, देखभाल आणि जुनी चित्रे दुसऱ्या प्रणालीत हलविण्याचा खर्च नंतर उभा राहतो, आणि तोवर ग्राहक बांधला गेलेला असतो. रुग्णांची चित्रे पूर्ण आणि वाचनीय स्वरूपात परत देण्याची अट खरेदीच्या करारातच असावयास हवी. ती मागाहून मागता येत नाही.

सॉफ्टवेअरने आणखी एक गोष्ट झाकली आहे. फिल्मवर किरण जास्त पडले तर ती काळी होई आणि चूक तत्काळ उघडी पडे. संगणक मात्र जादा किरणांनी घेतलेले चित्रही सुरेख करून दाखवितो. उलट कमी किरणांचे चित्र दाणेदार दिसते. साहजिकच हळूहळू मात्रा वाढविण्याकडे कल होतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक विचलनाचा आकडा दाखविण्याची पद्धत आली. शून्य म्हणजे ठरविल्याप्रमाणे, अधिक तीन म्हणजे शोधकावर दुप्पट किरण. गर्दीच्या विभागात, रांग दारापर्यंत आलेली असताना, तो आकडा वाचणारा तंत्रज्ञ आणि न वाचणारा तंत्रज्ञ यांच्या चित्रांत रुग्णाला काहीच फरक दिसत नाही. राँटगेन यांनी स्वतः जस्ताच्या पत्र्याची मोठी पेटी बनवून, तिला शिशाची जोड देऊन तिच्या आडून काम केले. ते प्रयोगाच्या सोयीसाठी होते, पण त्यामुळे त्यांचा बचाव झाला. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांना असा आडोसा नव्हता. वारंवार किरण अंगावर घेतल्याने हात गमावून ते १९०४ साली मरण पावले.

राँटगेन १९०० साली म्यूनिकला गेले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. स्टॉकहोमला जाऊन त्यांनी ते स्वीकारले, मात्र प्रथेचे व्याख्यान दिले नाही, आणि रक्कम वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. फिलिप लेनार्ट यांनी शोधाच्या श्रेयावरून आयुष्यभर मनात धरलेला आकस त्यांनी बहुधा मौनानेच सोसला. त्यांच्या चरित्रात एक डागही आहे: १९१४ साली जर्मन सैन्याच्या कृत्यांचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही होती. त्या महायुद्धाने पुढे त्यांचेच घर धुऊन नेले. १९१९ साली दीर्घ आजारानंतर पत्नी गेली. पाठोपाठ चलनफुगवट्याने त्यांची आयुष्यभराची पुंजी गिळली. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लक्ष कोटी. पेटंट घेतले असते तर म्हातारपण सुखात गेले असते, असे काही जण हळहळून म्हणतात. हिशेब तसा नाही. तत्कालीन जर्मन कायद्यानुसार पेटंटाची मुदत १५ वर्षांची होती, म्हणजे ते १९११ च्या सुमारास संपले असते. आलेला पैसा मार्कांच्या ठेवींत आणि कर्जरोख्यांत असता, तर त्याचीही तीच गत झाली असती.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार खाजगी पत्रव्यवहार आणि संशोधनाची टिपणे जाळून टाकण्यात आली, त्यामुळे त्या नोव्हेंबरातील संध्याकाळी त्यांच्या मनात काय आले हे आता कोणालाच सांगता येणार नाही. गीसेन येथील जुन्या दफनभूमीत आईवडील आणि पत्नी यांच्या सोबत त्यांची समाधी आहे.