लोकमान्यांचे कॉलेजातील पहिले वर्ष

लोकमान्य टिळक १८७२ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांचे आईवडील दोघेही निवर्तले होते आणि प्रकृती तोळामासा होती. पहिले सबंध वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि सकस खाणे यांना दिले. अभ्यास मागे पडला, पण नेम मोडला नाही. पुढे गणितात पहिल्या वर्गात ते बी. ए. झाले, १८७९ साली कायद्याची पदवीही मिळविली. १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंगवास सोसून तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले, ते त्या कमावलेल्या शरीराच्या बळावर, असे मला वाटते. भगिनींनो, मी सातवी शिकलेली. कॉलेजातल्या मुलाला पुस्तकातले काय सांगणार? पण जेवण, व्यायाम आणि झोप वेळेवर हवी, एवढे मात्र मी त्याला रोज बजावते.