देशाचा मास्तर : ज्युलियस न्येरेरे

टांझानियात न्येरेरे यांना लोक 'म्वालिमू' म्हणतात. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे आपले मास्तर! जन्म १९२२, गाव बुटियामा. मकेरेरे आणि एडिंबरा इथं ते शिकले आणि शाळेत शिकवलंही. १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि हे मास्तर पंतप्रधान, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

पण शाळा थोड्या, शिक्षक त्याहून थोडे, प्रौढ बहुतेक निरक्षर. मग सरकारने रेडिओला कामाला लावलं. १९७३ च्या आरोग्य मोहिमेत सुमारे २० लाख लोक गावोगावी गट करून बसले. रेडिओ ऐकायचा, पुस्तिका वाचायची, चर्चा करायची आणि उठून संडासाचे खड्डे खणायचे! १९७६ पासून पोस्टाचे धडे, रेडिओ आणि वर्गातला सराव यांतून हजारो तरुण नोकरी करता करता शिक्षक झाले. घाईत दर्जा घसरला, गावं वसवताना लोकांवर जबरदस्तीही झाली, हेही खरंच. १९८५ साली त्यांनी आपणहून पद सोडलं, १९९९ साली ते गेले.

दूरशिक्षण म्हणजे नुसता रेडिओ नव्हे, शेजारी बसून वाद घालणारा गटही लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवर दुसरं काय चालतं?